कृष्णाईराजे यांच्या डब्यात रुपये जास्त भरले त्याची हकीगत

श्रीगजाननास नमन असो, वाणीच्या देवतेस नमन असो, आणि ज्या कोण्या लेकराने चिमुकल्या मुठीत रुपया घट्ट धरोन "हा माझा" ऐसे पहिल्याने म्हटले असेल त्या लेकरासही नमन असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक सरोन मार्गशीर्ष लागला ते समयीचे हे वर्तमान. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु ज्या राज्याची ही हकीगत त्या राज्यात त्या साली क्रोध थोडा आणि माया बहुत जाहली, आणि घोटाळा जो जाहला तो मायेनेच केला, तो कैसा केला ते आम्हांस जैसे कळले तैसे लिहितो. राज्याचे नाव सांगत नाही, सांगोन नकाशात सापडणारही नाही. सरहद्द ऐसी की पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस मोरी, उत्तरेस जिना आणि दक्षिणेस शेजाऱ्यांची भिंत. दोन खोल्यांचा मुलूख, आणि तळास शेवंताकाकूंची पिठाची गिरणी. गिरणी सुरू जाहली म्हणजे राजधानीची फरशी थरथरे आणि मांडणीवरली ताटे वाजत, परंतु प्रजेस त्याची सवय होती, आणि परका पाहुणा भूकंप जाहला म्हणोन जिन्याकडे धावे तेव्हा प्रजा मोठ्या कौतुकाने त्यास पाणी देई.

या राज्याचे थोरले धनी सर्जेराव आबा. सारी उमर एसटीच्या चाकरीत कंडक्टरी करोन घरी बसले होते, आणि घरी बसले तरी चालताना पाय फाकवोन चालत, की न जाणो फरशीला हिसका बसेल. त्यांचे पुत्र उदयसिंह दूध संकलनाच्या केंद्रावर चाकरीस, पहाटे उजाडायच्या आत स्वारी निघे. उदयसिंहांच्या पत्नी सुचेताबाई घरीच मशीन घालोन गावच्या बायकांची पोलकी शिवीत, आणि त्यांच्या हाती राज्याचे खरे चलनवलन होते हे सर्वांस ठाऊक होते, फक्त कोणी बोलत नसे. आणि या तिघांवर हुकूम चालवणारी कृष्णाईराजे, उमर वर्षे सहा, पुढले दोन दात पडलेले. दात पडल्याकारणे शिट्टी वाजवता येत नाही याचे तिला मोठे शल्य होते, आणि तेव्हाच मावसभावाची धाकटी पडलेली सायकल राज्यात दाखल जाहली. रथ उत्तम, चाके साबूत, रंग निळा, परंतु घंटा नाही. शिट्टी नाही ती नाही आणि घंटाही नाही, तेव्हा राजे खिन्न जाहले.

मग एके दिवशी पितापुत्री बाजारपेठेतून येत असता मुनीरभाईंच्या सायकलच्या दुकानी दोरीस टांगलेली घंटा राजांच्या दृष्टीस पडली. तांबडी, वर पिवळे फूल काढलेले. राजे तेथेच खिळले.

"बाबा, ती घंटा घ्या ना."

"आत्ता नको बाळा. आत्ता पैसे नाहीत."

"मग फोन दाखवा की त्या चौकटीला. टुंग झालं की देतात ते."

महिनाअखेर होती, आणि त्या टुंग होण्यामागे काय काय आटते ते सहा वर्षांच्या जिवास भर रस्त्यात कैसे सांगावे? मग राजांनी रस्त्यातच बैठक मारिली आणि आक्रोश मांडिला, आणि येणारे जाणारे पाहो लागले, आणि उदयसिंहांनी कन्येस खांद्यावर घालोन कैसीबैसी राजधानी गाठिली. ते संध्याकाळी मसलत बसली. सुचेताबाई मशीनवरोन उठल्या, उदयसिंहांनी झाले ते सांगितले, आणि आबा मिशीत हसले आणि मग गंभीर जाहले.

"तिचं काय चुकलं?" आबा बोलिले. "तिनं पैसा बघितलाच नाय कधी. दूधवाला टुंग, दुकानदार टुंग. पोरीला वाटतंय पैसं फोनात पिकतंय. पैसा आधी हाताला कळाय लागतो, मग डोक्याला. तिला चिल्लर द्या. चिल्लर!"

"आणि ती चिल्लर तिनं एका दिवसात उडवली तर?" सुचेताबाई.

"उडवू दे. सहाव्या वर्षी गोळ्या-बिस्किटावर उडवलेली सोसती. तिसाव्या वर्षी उडवली तर घर बसतंय."

मग ठराव जाहला. दर आदितवारी राजांस दहा रुपये मिळावे, ते सुटे रुपयेच मिळावे, मोजायची सवय सुट्याने लागते म्हणोन. खर्चावे की राखावे ते राजांनी ठरवावे. घंटेची किंमत सत्तर रुपये ती राजांनी स्वतः जमवावी. श्रीखंडाचा रिकामा डबा धुवोन पुसोन खजिना म्हणोन मांडणीवर रेडिओशेजारी ठेविला. आणि लाडापायी कोणीही त्या डब्यात हात घालू नये, ऐसी तिघांनी डब्यावर हात ठेवोन शपथ घेतली. त्या तीन हातांचे पुढे काय जाहले ते वाचणारांनी ध्यानी धरावे.

आता मोजणीची रीत आबांनी लाविली ती ऐसी. एसटीत तिकिटे किती गेली ते आधी पाहतात, आणि मग बॅगेतली रोकड त्याशी जुळवितात, तैसेच इथेही करावे म्हणोन आबांनी सुचेताबाईंच्या भांड्यातले चिंचोके मागोन घेतले आणि एक वाटी दिली. रुपया डब्यात टाकला की एक चिंचोका वाटीत. रुपया काढला की एक चिंचोका वाटीतून बाहेर. आदितवारी डबा ओतावा, वाटी ओतावी, आणि रुपयाशेजारी चिंचोका ठेवीत जावे. राजांस बेरीज थोडकी येई परंतु जोड्या लावणे उत्तम येई, आणि पहिल्या आदितवारी फरशीवर रांग लागली आणि शेवटच्या रुपयाशेजारी शेवटचा चिंचोका येवोन बसला तेव्हा राजांनी टाळ्या पिटिल्या.

"आबा, कमी भरलं तर?"

"कमी भरलं तर आपल्या खिशातनं घालायचं आन गप बसायचं."

"आणि जास्त भरलं तर? जास्त भरलं तर मज्जाच!"

"मज्जा कसली?" आबांनी मान हलविली. "जास्त भरलं की लई वाईट. जास्त भरलं म्हंजे कुणाचं तरी सुटं द्यायचं राहिलं. एकदा माझ्या बॅगेत चार रुपये जास्त निघालं. तपासणीच्या साहेबांनी रिपोर्ट केला. रिपोर्टाचं काय वाटलं नाय मला. पण फाट्यावर एक म्हातारी उतरली व्हती, डोक्यावर गठुडं, तिचं सुटं माझ्याकडंच राहिलं. बिचारी घरापतूर माझं चार रुपये, माझं चार रुपये करत गेली असंल."

"मग?"

"मग दुसऱ्या खेपंला फाट्यावर उतरून हुडकली तिला. गावली. चार रुपये तिनं दोनदा मोजून घेतलं, आन मला एक पेरू दिला."

राजांनी ही कथा बहुत लक्ष देवोन ऐकिली, आणि म्हातारीचे गठुडे केवढे होते तेही विचारोन घेतले. पुढे दोन आदितवार आबा मोजणीस बसले, आणि मग म्हणाले, "आता तुझी ड्यूटी तू कर," आणि राजे गॅलरीत पडद्याआड एकटेच हिशेब करू लागले. आबांस यात मोठा अभिमान वाटला, आणि तिथेच सर्वांची नजर खजिन्यावरोन उठली.

मग परीक्षेचा प्रसंग आला. शाळेच्या दारात लिमलेटच्या गोळ्या विकणारा बसे, आणि राजांनी एके दिवशी आठ रुपये नेले आणि आठांच्याही गोळ्या घेतल्या आणि मैत्रिणींस वाटल्या, आणि दोन प्रहरी मोठ्या खुशीत घरी आले आणि आठ चिंचोके वाटीतून काढिले. आठ काढिले तेव्हा वाटी हलकी जाहली ती हातास कळली. राजे वाटी घेवोन आईपाशी गेले.

"आई, गोळ्या संपल्या."

"हो गं."

"आणि चिंचोके पण गेले."

"हो."

"घंटा लांब गेली का?"

सुचेताबाईंच्या हाती त्या वेळी कोणाचे अस्तर होते ते तैसेच राहिले. आठ रुपये त्यांच्या बटणांच्या डबीत समोरच होते, हात लांबविला असता तर लेकीचे डोळे तेथल्या तेथे कोरडे जाहले असते. परंतु बाईंनी ओठ दाबोन धरला आणि म्हणाल्या, "हो बाळा, जरा लांब गेली. पण जागेवरच आहे, पळून नाही गेली." आणि लेकीस मांडीवर घेतले, आणि राजे रडोन रडोन झोपी गेले, आणि बाई मशीनवर बसल्या ते शिवण तीनदा उसवावे लागले. आमचे मत विचाराल तर त्या दिवशी बाईंनी जे केले ते मोठमोठ्या सरदारांस साधत नाही. मोहिमेवर जाणे सोपे, समोर लेकरू रडत असता डबीस हात न लावणे कठीण. परंतु तो निग्रह चार दिवस टिकला, अधिक टिकला नाही, हेही लिहिले पाहिजे.

कारण की राजे शाळेतून येताना रोज मुनीरभाईंच्या पायरीवर थांबू लागले. मागत नसत, रडत नसत, घंटा आहे की नाही तेवढे पाहत आणि पुढे जात. हे एके दिवशी सुचेताबाईंनी भाजी आणताना पाहिले आणि घरी येवोन बटणांच्या डबीतील काही रुपये काढिले आणि डब्यात टाकिले, आणि मनास सांगितले की एवढ्याने काय होते. हेच उदयसिंहांनी दुधाच्या गाडीवरोन येताना पाहिले, आणि पहाटे निघताना खिशातील मोड दोन तीन दिवस थोडथोडी डब्यात सोडिली, आणि मनास सांगितले की शपथ घेतली ती आबांच्या समाधानासाठी. आणि आबांनी तर रोजच पाहिले, शाळेतून आणणारे तेच. ज्यांनी शपथ घ्यावयास लाविली त्यांनीच दहाची नोट मोडोन सुटे रुपये आणिले, की नाणे वेगळे दिसोन संशय येऊ नये, आणि डबा उघडताना आवाज होऊ नये म्हणोन रेडिओ मोठा केला. तिघेही एकमेकांपासून चोरोन, प्रत्येकास वाटे की मीच काय तो एकटा पापी. आणि तिघांनीही रुपये टाकिले, परंतु वाटीत चिंचोका एकानेही टाकिला नाही. जन्मभर तिकीट आणि रोकड जुळविणाऱ्या आबांसही ते सुचले नाही, यावरोन माया माणसास कैसे बावळट करिते ते दिसोन येते.

मग आदितवार उजाडला, राजे पडद्याआड बसले, डबा ओतिला, वाटी ओतिली, रुपयाशेजारी चिंचोका लावीत चालले, आणि चिंचोके संपले आणि रुपये उरले. राजांनी पुन्हा लाविले. पुन्हा उरले. दुसरे कोणी लेकरू असते तर नाचत बाहेर आले असते, परंतु हे लेकरू आबांच्या हाताखाली तयार जाहलेले. जास्त भरले, म्हणजे कोणाचे तरी सुटे राहिले. कोणाचे?

राजांनी कोणास काही सांगितले नाही. आबांस सांगावे तर आबा रिपोर्ट करतील, आणि रिपोर्ट म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, परंतु काही तरी भयंकर असावे. मग राजे एकटेच शोधास निघाले. प्रथम तळास शेवंताकाकूंकडे गेले, कारण की दळण आणायला राजे कधी कधी जात आणि पैसे देत.

"काकू, तुमचे सुटे माझ्याकडं राहिलेत का?"

शेवंताकाकू भुवयांपर्यंत पिठाने माखलेल्या होत्या. म्हणाल्या, "नाय गं माझे बाई, तुझ्याकडं कशाचं राहत्यात? उलट माझ्याकडंच तुझा एक रुपया असंल." वास्तविक तैसा काही रुपया नव्हता, परंतु लेकराचे तोंड उतरलेले पाहोन काकूंस राहवले नाही, आणि संध्याकाळी सुचेताबाईंकडे पोलक्याचे माप द्यायला आल्या तेव्हा जाता जाता मांडणीवरल्या डब्यात एक रुपया टाकोन गेल्या. येणेप्रमाणे परराज्याचाही हात खजिन्यात शिरला.

मग राजांनी भाजीवालीस विचारिले, शाळेत पुढल्या बाकावरल्या मैत्रिणीस विचारिले, गोळ्या विकणारासही विचारिले, आणि तो हसला आणि म्हणाला, "मला सुटं देत्यात लोक, मी कुणाला सोडत नाय." कोणाचेच राहिले नव्हते. आणि पुढल्या आदितवारी डबा उघडला तर जास्तीचे रुपये आणखी वाढलेले. राजे जेवताना गप्प राहो लागले. वरण-भात उष्टा टाकू लागले. वर्गात बाईंनी मोजायला उभे केले तर राजे म्हणाले, "मला मोजता येत नाही," आणि खाली बसले, आणि बाईंनी ते सुचेताबाईंस सांगितले, की हुशार पोर, अचानक काय जाहले? सुचेताबाईंनी विचारिले, राजांनी मान हलविली. रस्त्याने जाताना कोणी म्हातारी गठुडे घेवोन चाललेली दिसे तर राजे वळोन वळोन तिच्याकडे पाहत. आबांनी ते पाहिले, परंतु त्यांस कारण कळले नाही. त्यांस वाटले, घंटेपायी झुरते आहे. मग त्यांनी डबा उचलोन पाहिला, वजन चांगले लागले, मनात म्हणाले, झाले, भरले.

तेव्हा शनवारी संध्याकाळी आबांनी जाहीर केले, "चला राजे, मुनीरभाईकडं. सत्तर भरलं असतील." सुचेताबाई आणि उदयसिंह यांनीही मोठ्या उत्साहाने दुजोरा दिला, आणि प्रत्येकाच्या मनात आपले गुपित होते, आणि प्रत्येकजण आतल्या आत हसत होता. राजे तेवढे हसले नाहीत. राजांनी डबा उचलिला, आणि वाटीही उचलिली.

मुनीरभाईंनी घंटा आधीच उतरवोन पुसोन ठेविली होती. "ये बेटा, ये. आबा म्हणले होते आज येणार. आधी वाजवून बघ." राजांनी हात मागे नेला. फळीवर डबा ओतिला, वाटी ओतिली, आणि आबांकडे न पाहता जोड्या लावीत चालले. मुनीरभाई कौतुकाने पाहत, आबा त्याहून कौतुकाने. एका ठिकाणी चिंचोके संपले. त्यापुढे रुपये उरले होते, एक मूठभर.

"आबा, चिंचोके संपले."

"संपू देत की. रुपये हायेत ना? मुनीरभाई, घ्या मोजून."

"नको." राजांनी दोन्ही हात रुपयांवर ठेविले. "हे माझे नाहीत. जास्त भरलंय. मी सगळ्यांना विचारलं, काकूंना, भाजीवालीला, सगळ्यांना. म्हातारी सापडत नाही. आबा, मला घंटा नको." आणि मग आवाज इतका लहान जाहला की मुनीरभाई पुढे वाकले. "तुम्ही माझा रिपोर्ट करा."

बाजूस जुन्या टायरांचा ढीग होता त्यावर आबा मटकन बसले. वर्गात मोजता येत नाही म्हणाली ते का, वरण-भात का उष्टा पडला, गठुडेवाल्या बायांकडे का पाहत होती, सारे एका दमात उमगले, आणि आपण नातीस घंटेजवळ ढकलीत होतो ते तिच्या छातीवर धोंडा ठेवीत होतो हेही उमगले. मुनीरभाई घंटेवर हात ठेवोन उभे राहिले, की चुकोन वाजू नये.

"कृष्णे," आबा बोलिले, "रिपोर्ट माझा कर. ते मी टाकलं."

"तुम्ही?"

"मी. चोरून. रेडिओ मोठा करून."

"किती?"

"धा."

राजांनी बोटाने दहा रुपये बाजूस केले. दहा केले तरी उरलेच. राजांनी उरलेल्यांकडे बोट दाखविले. "मग हे?"

आबांनी उरलेले रुपये मोजिले. "आयला," म्हणाले, "हे मात्र मी नाय."

मग स्वारी घंटा न घेता परतली. राजे पुढे, हाती डबा, आणि आबा मागे, हाती वाटी, जैसा कोणी पकडलेला. राजधानीत सुचेताबाई आणि उदयसिंह दाराशीच उभे होते, की घंटा वाजेल आणि ऐकू. घंटा वाजली नाही. राजे आले, फरशीच्या मध्यावर बसले, आणि जास्तीचे रुपये पुढे मांडिले, आणि म्हणाले, "हे कुणी टाकले?" गिरणी त्याच वेळी बंद जाहली, आणि मांडणीवरली ताटे वाजायची थांबली. उदयसिंहांनी छताकडे पाहिले. सुचेताबाईंनी उदयसिंहांकडे पाहिले. मग दोघेही एकदमच म्हणाले, "मी."

"अहो, तुम्ही पण?" सुचेताबाई.

"तू पण?" उदयसिंह.

"आणि शपथ?" आबा बोलिले, आणि मग त्यांस आठवले की आपण बोलण्याच्या जागी नाही, आणि ते वाटीत पाहो लागले.

सात रुपये उदयसिंहांचे निघाले, पाच सुचेताबाईंचे. तरीही एक रुपया फरशीवर राहिला. तिघेही एकमेकांकडे संशयाने पाहो लागले, आणि शपथा होऊ लागल्या, आणि त्या शपथांस आता काय किंमत होती ते सर्वांस ठाऊकच होते. तितक्यात शेवंताकाकू ओट्याची झाडलोट करोन वर आल्या, दारातून पाहिले, आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "त्यो माझा हाय, बाई. पोरीचं तोंड बघवंना."

आता राजांस हसू यावे की नाही? परंतु राजांस आले रडू. इतके दिवस आत धरलेले सगळेच बाहेर आले. "मग चिंचोका का नाही टाकला?" राजे ओरडले. "कुणीच नाही टाकला! मी म्हातारीला शोधत होते. मला वाटलं मला मोजता येत नाही. मी रोज मोजत होते, रोज चुकत होतं!"

सुचेताबाई खाली बसल्या आणि लेकीस कवेत घेतले, आणि त्यांचेही डोळे वाहो लागले. "तुझं नाही चुकलं गं. एकदाही नाही चुकलं. आमचं चुकलं." उदयसिंहांनी तोंडास रुमाल लाविला. आणि आबा, ज्यांनी चाकरीत कोणा साहेबापुढे मान खाली घातली नाही, ते सहा वर्षांच्या साहेबापुढे मांडी घालोन बसले आणि दोन्ही कान धरिले, आणि म्हणाले, "साहेब, जास्तीचा रिपोर्ट लिवा. आरोपी कबूल हाय."

मग राजे रडता रडता हसले, आणि पुढले दोन दात नव्हते ते दिसले. आणि मग न्याय जाहला. दहा आबांस परत, सात बाबांस परत, पाच आईस परत, एक काकूंस परत. काकू घेईनात, तर राजांनी त्यांच्या पिठाळलेल्या मुठीत कोंबला आणि म्हणाले, "नाही काकू, मग माझं जुळत नाही." आणि हुकूम सुटला की पुढे ज्यास कोणास द्यावेसे वाटेल त्याने आदितवारी द्यावे, सर्वांदेखत द्यावे, आणि चिंचोका टाकोन द्यावे, परंतु घंटेसाठी कोणी काही देऊ नये, घंटा माझी आहे. सर्वांनी मान लवविली. मग राजे पुन्हा जोड्या लावावयास बसले, बावन्न रुपये, बावन्न चिंचोके, शेवटचा शेवटच्यापाशी येवोन बसला. राजांनी वर पाहिले, आणि त्या रात्री ताटात भाताचे शीत उरले नाही.

पुढे दोन आदितवार गेले. मुनीरभाईंनी घंटा दोरीवरोन काढोन आत ठेविली, कोणी मागितली तर ती विकली गेली म्हणत. मधल्या दिवसांत राजांनी एकच रुपया खर्चिला, एक गोळी घेतली, ती दाताने न चावता दोन प्रहरपर्यंत चघळली. आणि तिन्ही मोठी माणसे डब्यापासून हातभर अंतराने चालत, आणि आबा रेडिओ लहान आवाजात ऐकत, की कोणास वहीम नको. हे दोन आठवडे सर्वांस जड गेले, राजांस त्यांतल्या त्यांत कमी. मग सत्तर रुपये फळीवर मोजोन दिले, मुनीरभाईंनी पाना घेवोन घंटा सायकलच्या मुठीजवळ बसविली, आणि राजे म्हणाले, "मी घरी जाऊन वाजवणार."

गिरणीपुढल्या उतारावर रथ उभा केला. काकू ओट्यावर, सुचेताबाई गॅलरीत, उदयसिंह जिन्यात. राजांस सायकल अजून पुरती येत नव्हती, आबा मागे सीट धरोन पळत तेव्हा चाले. राजे बसले, पाय टेकिले, आणि घंटा एकदा वाजविली. आबा जागच्या जागी थबकले. एसटीत एक घंटा म्हणजे थांबा, आणि तो आवाज ऐकोन आबांचे पाय आपोआप थांबले, निवृत्तीपासून ती घंटा त्यांच्या कानी पडली नव्हती.

"आबा, धरलंय ना?"

"धरलंय बाळा, घट्ट."

राजांनी मागे वळोन पाहिले, आबांचा हात सीटवर पाहिला, आणि मग बोलिले, "सोडा. कुणी गुपचूप धरायचं नाही." आणि घंटा दोनदा वाजविली.

दोन घंटा म्हणजे चला. आबांनी आयुष्यभर ती दिली होती आणि गाडी सुटली होती. आबांनी हात सोडिला. रथ डुगडुगला, डावीकडे गेला, काकूंनी डोळे मिटिले, मग रथ उजवीकडे आला, आणि मग सरळ जाहला, आणि उतारावरोन राजे एकटे, कोणाच्या हाताशिवाय, वळणापर्यंत गेले. आबा रिकामा हात तैसाच पुढे धरोन उभे होते, आणि तो हात खाली घ्यायचे त्यांस कितीतरी वेळ सुचले नाही.

येणेप्रमाणे हकीगत जाहली. राज्याचे उत्पन्न होते तितकेच राहिले, शपथ मोडणारांस शिक्षा काही जाहली नाही, लाज तेवढी वाटली, ती पुरे जाहली. तांबडी घंटा रथावर चढली. संध्याकाळी राजांनी डबा ओतिला आणि वाटी ओतिली. डब्यातून निघाला एक रुपया, वाटीतून निघाला एक चिंचोका. हिशेब जुळला.